रामदासपेठेची गच्ची, लाडबोरीचे कडे

१/
चैत्र शुद्ध प्रतिपदा, शके १९४४. इंग्रजी तारीख २ एप्रिल २०२२, वार शनिवार. सूर्यास्ताला घरोघरच्या गुढ्या उतरल्या होत्या. नागपूरच्या रामदासपेठेत दिवसभराचा उकाडा ओसरू लागला होता आणि गच्च्यांवर थोडीफार माणसे दिसत होती. रात्री पावणेआठच्या सुमारास आकाशात एक तेजस्वी रेघ उमटली. पाहता पाहता तिचे अनेक तुकडे झाले. ते सगळे तुकडे एकाच दिशेने, एकामागोमाग एक, विलक्षण संथपणे सरकत राहिले आणि क्षितिजाकडे विझत गेले. त्या संध्याकाळी महाराष्ट्राच्या आणि मध्य प्रदेशाच्या मोठ्या पट्ट्यात हे दृश्य दिसले. हा धागा त्या काही क्षणांचा आणि त्यांच्यामागे असलेल्या दीर्घ इतिहासाचा आहे.

२/
रामदासपेठेतील अशाच एका गच्चीवर एक तरुण उभा होता. पेठेत पावलोपावली रुग्णालये आहेत. त्यांपैकी एकात तो तंत्रज्ञ म्हणून रात्रपाळी करतो आणि जवळच खोली करून राहतो. अग्निबाणांची उड्डाणे पाहणे हा त्याचा छंद. रात्रपाळीत काम थोडे निवले की भ्रमणध्वनीचा आवाज बंद करून तो थेट प्रक्षेपण लावतो. फ्लोरिडाहून सुटलेल्या फाल्कनचा पहिला टप्पा वळून माघारी येतो, पाय पसरतो आणि धुराच्या लोटात उभा राहतो, हे त्याने असंख्य वेळा पाहिले होते. अग्निबाणाचा एखादा भाग परत येताना प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहण्याचा योग मात्र तोवर आला नव्हता. त्या पाडव्याला तो आला. आपण काय पाहतो आहोत, हे तेव्हा त्यालाही कळले नाही.

३/
तासाभराने घरून फोन आला. त्याचे गाव चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात. आईचा आवाज घाबरलेला होता. "बाबू, आभायातून लोखंड पडलं म्हणतेत रे. तू बरा आहेस ना?" नागपुरात बसलेल्या मुलाची काळजी तिने आधी केली, लोखंड पडले होते ते तिच्याच तालुक्यात. लाडबोरी गावाच्या मोकळ्या जागेत धातूचे एक प्रचंड कडे येऊन आदळले होते. अडीच-तीन मीटर व्यासाचे, चाळीस किलोच्या घरातले. पुढल्या काही दिवसांत आसपासच्या गावशिवारांतून धातूचे पोकळ गोळेही सापडत गेले. कोणालाही इजा झाली नाही. पण कडे जिथे पडले, तिथून घरे दूर नव्हती.

४/
गावकऱ्यांनी पोलिसांना कळवले. कडे सिंदेवाहीच्या पोलीस ठाण्यात आणून ठेवण्यात आले. भ्रमणध्वनीवर टिपलेल्या शेकडो चित्रफिती तोवर राज्यभर फिरू लागल्या होत्या. त्या तरुणाला दुसऱ्याच दिवशी गावी जावेसे वाटले. पण एसटीचा संप महिनोन्‌महिने चालू होता आणि रात्रपाळी सुटण्यासारखी नव्हती. उमरेड-नागभीड मार्गाने एरवी सहज गाठता येणारे आपले गाव त्याने त्या आठवड्यात इतरांनी काढलेल्या चित्रांतूनच पाहिले. ज्या आकाशाखाली तो लहानाचा मोठा झाला, त्याची बातमी त्याला रामदासपेठेत बसून वाचावी लागली.

५/
इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे थोडे थांबावे, कारण पुराव्यांची छाननी कशी होते याचा हा उत्तम नमुना आहे. पहिला तर्क उल्कावर्षावाचा होता. विदर्भाला तो परका नाही. याच विदर्भात, बुलढाणा जिल्ह्यात, आकाशातून आलेल्या पाषाणाने कोरलेले लोणारचे विवर आहे. दुसरा तर्क असा, की न्यूझीलंडमधून रॉकेट लॅब या खासगी कंपनीचा इलेक्ट्रॉन हा अग्निबाण त्याच सायंकाळी उडाला होता, त्याचेच हे अवशेष असावेत. दिवस तोच, वेळ जवळची, म्हणून कार्यकारणही तेच असणार, असे मानण्याचा मोह इतिहासलेखनातही वारंवार होतो. तिसरा तर्क कक्षांच्या नोंदींवरून आला आणि तो टिकला.

६/
उल्केचा तर्क चित्रफितींनीच खोडला. उल्का सेकंदाला किमान अकरा आणि कमाल सुमारे बहात्तर किलोमीटर वेगाने वातावरणात शिरते. बहुधा एक-दोन सेकंदांत तिचा खेळ संपतो. पृथ्वीभोवती फिरणारी मानवनिर्मित वस्तू त्या मानाने मंद, सेकंदाला सात-आठ किलोमीटर वेगाने आणि अगदी निमुळत्या कोनातून आत येते. म्हणून ती आकाशात आडवी, कितीतरी वेळ जळत राहते आणि तिचे तुकडे एका रांगेत चालल्यासारखे दिसतात. पाडव्याच्या रात्री लोकांनी जे "संथ" म्हणून वर्णिले, तो संथपणाच खरा साक्षीदार होता. गच्चीवर उभ्या असलेल्या सामान्य माणसाने काही सेकंद धरून ठेवलेला थरथरता कॅमेरा हा उत्तम प्रतीचा प्राथमिक पुरावा ठरू शकतो, तो असा.

७/
कक्षांच्या नोंदी ठेवणारे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी ओळख पटवली ती अशी: फेब्रुवारी २०२१ मध्ये चीनने सोडलेल्या चँग झेंग ३बी, म्हणजेच लाँग मार्च, या अग्निबाणाचा हा तिसरा टप्पा. त्याचे पुनरागमन त्याच सुमारास अपेक्षित होते. हा टप्पा उपग्रहाला अतिशय लंबवर्तुळाकार कक्षेत सोडतो. त्या कक्षेचे एक टोक पृथ्वीपासून सुमारे छत्तीस हजार किलोमीटरवर, तर दुसरे अवघ्या दोनशे किलोमीटरच्या आसपास असते. उपग्रह आपल्या वाटेने निघून जातो. रिकामा टप्पा मागे फिरत राहतो. प्रत्येक फेरीत खालच्या टोकाला विरळ हवा त्याला किंचित ओढते. चौदा महिने ही ओढ चालली. शेवटी तो कुठे पडेल हे कोणी ठरवले नव्हते. ते हवेने ठरवले.

८/
कडे आणि गोळेच का उरले? अग्निबाणाच्या टप्प्याचे पातळ पत्रे वातावरणात वितळून जातात. पण जिथे दोन भाग जोडले जातात तिथली जाड कडी आणि अतिदाबाखाली वायू साठवणाऱ्या गोल टाक्या मुळातच फार मजबूत असतात. गोल आकारामुळे दाब सर्व बाजूंना सारखा वाटला जातो, म्हणून टाक्या गोल. आणि ज्या गुणामुळे त्या उड्डाणात टिकतात, त्याच गुणामुळे त्या पतनातही टिकतात. सकाळी गुढीवर पालथा घातलेला तांब्याचा गडू पाहिलेल्या लोकांनी दुसऱ्या दिवशी शिवारात पडलेला धातूचा गोळा पाहिला. लहान मुले त्याच्याभोवती जमली तर नवल नव्हते.

९/
या अग्निबाणाच्या कुळाला पूर्वेतिहास आहे आणि तो थेट व्यापारी उड्डाणांशी जोडलेला आहे. लाँग मार्च ३बीचे पहिलेच उड्डाण १५ फेब्रुवारी १९९६ रोजी चीनच्या शीचांग केंद्रातून झाले. वर होता इंटेलसॅट ७०८, एक आंतरराष्ट्रीय व्यापारी उपग्रह. उडताच अग्निबाण कलला आणि साधारण बावीस सेकंदांत डोंगराच्या कुशीत, वस्तीजवळ कोसळला. मृतांचा अधिकृत आकडा ६ होता. तो खरा किती, यावर पुढे दीर्घकाळ शंका घेतल्या गेल्या. प्रक्षेपणकेंद्र जमिनीच्या आत असले, की टप्पे समुद्राऐवजी लोकांच्या अंगणाच्या दिशेने पडतात. केंद्र कुठे बांधायचे हा निर्णय एकदाच होतो. त्याची किंमत खालची गावे पिढ्यान्‌पिढ्या देतात.

१०/
मुळात उडवलेला बाण परत येत नाही, ही समजूत कितीतरी जुनी आहे. अठराव्या शतकात मराठी माणसाला "बाण" या शब्दाने धनुष्याच्या तीराबरोबरच दारूचा बाणही कळत असे. बांबूच्या काठीला बांधलेली दारूची नळी मराठ्यांच्या आणि त्यांच्या शत्रूंच्याही फौजांत होती. म्हैसूरच्या हैदर आणि टिपूंनी ती नळी लोखंडाची केली, त्यामुळे दारू अधिक दाबून भरता आली आणि पल्ला वाढला. १७८० मध्ये पोल्लिलूरला इंग्रजांनी त्या बाणांचा प्रताप पाहिला. श्रीरंगपट्टण पडल्यावर त्यांतले काही बाण इंग्लंडला गेले आणि विल्यम काँग्रीव्हने त्यांच्या प्रेरणेने आपले अग्निबाण घडवले. २०१८ मध्ये शिवमोग्गा जिल्ह्यातील नगर गावी एका जुन्या विहिरीतून असे हजाराहून अधिक बाण निघाले.

११/
या सर्व बाणांत एक गोष्ट समान होती. सुटला की तो गेला. पडेल तिथे पडेल. पडणे हेच त्याचे काम. विसाव्या शतकात बाण अंतराळात पोचला तरी ही जुनी वृत्ती त्याच्यासोबत गेली. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी स्पुतनिक कक्षेत गेला, तेव्हा त्याला नेणाऱ्या अग्निबाणाचा गाभाही कक्षेत फिरत राहिला आणि डिसेंबरच्या आरंभी वातावरणात जळून गेला. अंतराळयुग आणि अंतराळातला कचरा एकाच दिवशी जन्मले. युद्धात जे शहाणपण होते, ते वाहतुकीच्या धंद्यात उधळपट्टी ठरले. प्रत्येक फेरीनंतर मोडीत काढायची गाडी कोणता व्यापारी चालवील? तरी जवळजवळ सहा दशके अग्निबाणांचा धंदा तसाच चालला.

१२/
घरातील वडीलधाऱ्यांना विचारले तर "स्कायलॅब" हा शब्द अजून त्यांच्या तोंडी सापडतो. अमेरिकेची ही अंतराळ प्रयोगशाळा ११ जुलै १९७९ रोजी पडणार होती आणि ती भारतावर पडेल या धास्तीने शहरांत, खेड्यांत चर्चेला ऊत आला होता. ती हिंदी महासागरावर फुटली आणि तिचे अवशेष पश्चिम ऑस्ट्रेलियात पसरले. तेथील एस्परन्स या गावाच्या पालिकेने नासाला कचरा टाकल्याबद्दल ४०० डॉलरचा दंड ठोठावला. तो विनोदाचा भाग होता. पण त्या विनोदात एक गंभीर दावा होता: आमच्या जमिनीवर पडलेल्या वस्तूचा हिशेब आम्हीही मागू शकतो.

१३/
आता दुसरी बाजू. २२ डिसेंबर २०१५, नागपुरात सकाळचे सात. फ्लोरिडात रात्र होती. स्पेसएक्स कंपनीच्या फाल्कन ९ने अकरा छोटे उपग्रह घेऊन उड्डाण केले आणि सुमारे दहा मिनिटांनी त्याचा पहिला टप्पा उड्डाणस्थळाजवळच उभा उतरला. उपग्रह कक्षेत नेणाऱ्या अग्निबाणाचा टप्पा असा उतरण्याची ही पहिलीच वेळ. त्याआधी महिनाभर, नोव्हेंबरमध्ये, ब्लू ओरिजिनचा न्यू शेपर्ड उभा उतरला होता, पण तो कक्षेपर्यंत जाणारा नव्हता. त्याही आधी १९९३ पासून अमेरिकेत डीसी-एक्स या प्रायोगिक यानाने उभ्याने उडून उभ्याने उतरण्याचे प्रयोग केले होते. कल्पना कोणा एकाची नव्हती. ती धंद्यात उतरवण्याची वेळ २०१५ मध्ये आली.

१४/
हे उतरणे घडते कसे? उड्डाणानंतर अडीच मिनिटांच्या आसपास पहिला टप्पा वेगळा होतो. लहान वायुझोतांनी तो हवेविना वळतो. मग काही इंजिने पुन्हा पेटवून वेग कमी करतो, म्हणजे दाट हवेत शिरताना तो जळू नये. जाळीदार पंख त्याला दिशा देतात. शेवटच्या काही सेकंदांत मधले इंजिन पेटते. इथे खरी कसोटी आहे: जवळजवळ रिकाम्या झालेल्या त्या टप्प्याच्या वजनापेक्षा एका इंजिनाचा किमान जोरही अधिक असतो. म्हणून तो हवेत तरंगत थांबू शकत नाही. वेग शून्य व्हायचा तो बरोबर जमिनीला टेकताना. क्षणभर आधी झाला तर तो पुन्हा वर जाईल, क्षणभर उशीर झाला तर आदळेल. सुमारे चाळीस मीटर उंचीचा हा खांब प्रत्येक वेळी हा एकच नेम साधतो.

१५/
८ एप्रिल २०१६ रोजी असा टप्पा प्रथमच समुद्रातल्या तराफ्यावर उतरला. ३० मार्च २०१७ रोजी एकदा वापरलेला टप्पा पुन्हा उडाला. त्यावर एसईएस या कंपनीचा दूरसंचार उपग्रह होता. पुढे एकेक टप्पा तीसपेक्षा अधिक वेळा उडू लागला. या धंद्याचे गिऱ्हाईक भारतही झाला. इस्रोचा सुमारे ४,७०० किलोचा जीसॅट-एन२ हा उपग्रह आपल्या एलव्हीएम३च्या आवाक्याबाहेर होता. १९ नोव्हेंबर २०२४ च्या मध्यरात्री, भारतीय वेळेनुसार बाराच्या ठोक्यानंतर लगेच, फाल्कन ९ तो घेऊन निघाला. रामदासपेठेतल्या त्या रुग्णालयात तेव्हा रात्रपाळी होती. टप्पा समुद्रात तराफ्यावर उतरला, तेव्हा त्या तरुणाने शेजारच्या परिचारिकेला पडदा दाखवला. तिने पाहिले, "अय्या, उभा राहिला!" म्हणाली आणि सलाईन बदलायला गेली.

१६/
नागपूर या कथेत नुसते प्रेक्षक नाही. २२ डिसेंबर २०२० रोजी, म्हणजे भारतीय तारखेने त्या पहिल्या अवतरणाला बरोबर पाच वर्षे होत असताना, हैदराबादच्या स्कायरूट या खासगी कंपनीने आपल्या कलाम-५ या घनइंधन मोटरची चाचणी नागपूरजवळच्या सोलार इंडस्ट्रीजच्या तळावर घेतली. मे २०२२ मध्ये, लाडबोरीच्या घटनेनंतर जेमतेम दीड महिन्याने, कलाम-१०० ही अधिक मोठी मोटर इथेच पेटवून पाहण्यात आली. १८ नोव्हेंबर २०२२ रोजी स्कायरूटचा विक्रम-एस श्रीहरिकोटाहून उडाला आणि साडेएकोणनव्वद किलोमीटर उंची गाठून बंगालच्या उपसागरात पडला. भारतातील खासगी अग्निबाणाचे हे पहिले उड्डाण. ज्या विदर्भावर अग्निबाण कोसळला, त्याच विदर्भात त्या वर्षी अग्निबाण घडतही होता.

१७/
आणखी एक योगायोग नोंदवण्याजोगा आहे. लाडबोरीच्या घटनेला बरोबर एक वर्ष झाले त्या दिवशी, २ एप्रिल २०२३ रोजी सकाळी, कर्नाटकातील चित्रदुर्गजवळच्या तळावर इस्रोने आपले पंख असलेले प्रायोगिक यान हेलिकॉप्टरने सुमारे साडेचार किलोमीटर उंचीवर नेऊन सोडले. त्याने आपली वाट स्वतः शोधली आणि धावपट्टीवर उतरले. २०२४ मध्ये मार्चला आणि जूनला हाच प्रयोग अधिक कठीण परिस्थितीत पार पडला. परत आणण्याची विद्या इथेही शिकली जात होती. तारखांच्या अशा जोड्या इतिहासात काही सिद्ध करत नाहीत. लक्षात ठेवायला मात्र त्या सोयीच्या असतात.

१८/
१३ ऑक्टोबर २०२४, रविवार. आदल्या दिवशी दसरा, धम्मचक्र प्रवर्तन दिन. दीक्षाभूमी रामदासपेठेपासून जवळ. लाखोंचा जनसमुदाय येऊन गेला होता आणि परतीच्या गर्दीने रस्ते अजून भरलेले होते. त्या तरुणाचे आईवडीलही दर्शनाला आले होते आणि गर्दी ओसरेपर्यंत त्याच्या खोलीवर थांबले होते. सायंकाळी सहाला पाच मिनिटे कमी असताना टेक्सासमधून स्टारशिप उडाले. तेहतीस इंजिनांचा, एकाहत्तर मीटर उंचीचा त्याचा पहिला टप्पा सातेक मिनिटांत माघारी आला आणि ज्या मनोऱ्यापासून सुटला होता, त्याच मनोऱ्याच्या दोन लोखंडी बाहूंनी त्याला हवेतच झेलले. वडील काही बोलले नाहीत. आई बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "हे असं धरता येते, तं आपल्या इकडं का फेकलं मंग?"

१९/
या प्रश्नाचे उत्तर तीन थरांचे आहे. पहिला थर भौतिकीचा. झेलला जातो तो पहिला टप्पा. तो कक्षेत गेलेलाच नसतो, त्याचा वेग पुष्कळ कमी असतो. लाडबोरीला पडला तो वरचा टप्पा. कक्षेच्या वेगाने फिरणारी वस्तू अखंड खाली आणणे हे कितीतरी कठीण काम आहे. दुसरा थर पैशाचा. वरचा टप्पा अखंड आणता आला नाही तरी थोडे इंधन राखून, इंजिन पुन्हा पेटवून त्याला निर्जन समुद्रात पाडता येते. पण राखलेले इंधन म्हणजे तेवढे कमी वजन वर नेणे, म्हणजे तेवढी कमी मिळकत. कोणाच्या शेतावर काहीतरी पडण्याची शक्यता अत्यल्प आहे, असे गणित मांडून ते इंधन अनेकदा वाचवले जाते. गणित खोटे नसते. पण त्यातली ती अत्यल्प शक्यता कोणत्या तरी एका गावाच्या वाट्याला येतेच.

२०/
तिसरा थर कायद्याचा. १९६७ च्या बाह्य अवकाश कराराने राष्ट्रांना आपल्या अंतराळवस्तूंसाठी जबाबदार धरले. १९७२ च्या दायित्व कराराने पुढे सांगितले, की अशी वस्तू जमिनीवर पडून नुकसान झाले तर सोडणाऱ्या राष्ट्राने भरपाई द्यायची. त्याची चूक होती का, हे सिद्ध करण्याची गरज नाही. जानेवारी १९७८ मध्ये अणुऊर्जेवर चालणारा सोव्हिएत उपग्रह कॉसमॉस ९५४ कॅनडात कोसळला. कॅनडाने सुमारे साठ लाख डॉलर मागितले. १९८१ मध्ये तीस लाखांवर तडजोड झाली. पण करार "नुकसान" मोजतो. मोडलेले छप्पर मोजता येते. सिंदेवाही तालुक्यातल्या आईला त्या रात्री आलेली भीती कोणत्या रकान्यात लिहायची, याची तरतूद त्यात नाही.

२१/
आरोपीच्या पिंजऱ्यात एकटा चीन उभा करणे सोपे आहे, पण ते इतिहासाला धरून होणार नाही. जुलै २०२३ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या ग्रीन हेड किनाऱ्यावर एक भला मोठा पितळी रंगाचा नळकांडा वाहून आला. तो भारताच्या पीएसएलव्हीचा तिसरा टप्पा असल्याचे तेथील अंतराळसंस्थेने जाहीर केले. ३० डिसेंबर २०२४ रोजी केनियातील मुकुकू गावात सुमारे अडीच मीटर व्यासाचे, पाचशे किलोचे धातूचे कडे पडले. त्या छायाचित्रातली माणसे आणि लाडबोरीच्या छायाचित्रातली माणसे कड्याभोवती सारखीच उभी आहेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये फाल्कन ९च्याच दुसऱ्या टप्प्याचे अवशेष पोलंडवर पडले. पहिला टप्पा दिमाखात उतरवणाऱ्यांचाही दुसरा टप्पा अजून कोसळतोच.

२२/
बदलाच्या खुणा आहेत. मार्च २०२४ मध्ये इस्रोने एका पीएसएलव्ही मोहिमेच्या अखेरच्या टप्प्यावर प्रयोग करून झाल्यावर त्याची कक्षा आधीच खाली आणून, उरलेले इंधन काढून टाकून, मागे कचरा न ठेवता त्याचा शेवट घडवला. २०३० पर्यंत सर्व भारतीय मोहिमा, सरकारी आणि खासगी दोन्ही, कचरामुक्त करण्याचे उद्दिष्ट भारताने त्याच वर्षी जाहीर केले. लाडबोरीच्या घटनेनंतर महिन्याने, २ मे २०२२ रोजी, रॉकेट लॅबने, म्हणजे ज्या कंपनीवर पाडव्याच्या रात्री चुकीचा संशय गेला तिने, हवाई छत्रीने उतरणारा आपला टप्पा हेलिकॉप्टरच्या आकड्याने हवेत धरला; भार चाचण्यांतल्यापेक्षा वेगळा जाणवला म्हणून तो पुन्हा समुद्रात सोडावा लागला. परत आणण्याची ही धडपड प्रामाणिक आहे. ती आधी पहिल्या टप्प्यापाशी सुरू झाली, कारण तिथे पैसा वाचत होता.

२३/
रामदासपेठेतल्या खोलीत त्या रविवारी मुलाने आईला यातले बरेच काही समजावून सांगितले. हात वर करून वरचा टप्पा दाखवला, खाली आणून खालचा दाखवला. त्याच्या बोलण्यात उत्साह होता. तासाभराने स्टारशिपचा वरचा भाग हिंदी महासागरात, ठरल्या जागी उतरल्याचे दृश्य आले, तेव्हा त्याने तेही दाखवले: "पाहा आई, हा वरचा. यालाही आता नेमका पाडता येतो." आईने विचारले, "म्हणजे येते." तो म्हणाला, "येते. पण महाग पडते." आई म्हणाली, "मंग तसं म्हण नं. येत नाही म्हणू नको." यावर त्याच्याकडे उत्तर नव्हते. वडिलांनी एसटीची वेळ विचारली आणि तिघे पिशव्या घेऊन खाली उतरले.

२४/
लाडबोरीचे अवशेष तपासण्यासाठी इस्रोचे शास्त्रज्ञ सिंदेवाहीला येऊन गेले. कड्याची कथा कागदावर मुख्यतः पंचनामे, तपासणी-अहवाल आणि बातम्या यांतून उरेल. त्यांत वजन असेल, व्यास असेल, धातूचा प्रकार असेल. त्या रात्री कोण अंगणात होते, आवाज कसा झाला, मुलांना कोणी आत ओढले, कोणी आधी कोणाला फोन केला, हे त्यांत नसेल. स्कायलॅबच्या वेळी आपल्या आजोबांच्या गावात काय घडले होते, हे आज कुठे वाचायला मिळते?

२५/
ज्यांच्या भ्रमणध्वनीत २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळची चित्रफीत असेल, त्यांनी ती पुसू नये. तिच्यासोबत तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात: नेमकी वेळ, उभे राहण्याचे ठिकाण, आणि रेघ कोणत्या दिशेकडून कोणत्या दिशेकडे गेली. शक्य असल्यास चौथी: त्या वेळी शेजारी कोण होते आणि ते काय म्हणाले. चंद्रपूर, गडचिरोली, नागपूर, अकोला, जळगाव इथल्या वाचकांनी घरातल्या ज्येष्ठांना आधी विचारावे. पुढला टप्पा झेलला जाईल तेव्हा जग पाहत असेल. पुढले कडे पडेल तेव्हा पाहणारे थोडेच असतील आणि त्यांनी सांगितलेले कोणीतरी लिहून घ्यावे लागेल.

(धागा समाप्त)